थर्माकोलच्या भिंती

मल-सुनच्या तोंडाला लागू नये, असं पॅनेलच्या त्या कारखान्यात सगळेच म्हणायचे. बाई साठीला टेकलेली, ठेंगणी, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. पण फाटकाशेजारच्या तिच्या काचेच्या खोलीसमोर ट्रक उभा राहिला की ड्रायव्हर मुकाट्याने सिगारेट विझवायचे. जो विझवायचा नाही, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि ती काय बोलायची ते इथे लिहिण्याजोगं नाही.

काम तसं साधंच होतं. दोन पातळ पत्र्यांमध्ये काहीतरी भरून तिथे भिंती बनायच्या, उभ्या केल्या की झाली शेड. पूर्वी आत सर्रास थर्माकोल असे. आता काचेची लोकर भरतात, ती जळत नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिकटपट्टी असायची. हातातल्या यंत्राने ती टिपली की मल-सुनच्या पडद्यावर गठ्ठ्याची कुंडली उमटायची. आत काय भरलंय, आगीच्या परीक्षेत किती टिकलं, माल कुठल्या इमारतीला चाललाय आणि तिथे कुठला नियम लागू आहे, सगळं. नियम बदलला की राजधानीत, सोलमध्ये बसून कोणीतरी बटण दाबायचं आणि इथल्या यंत्राला त्याच क्षणी कळायचं. काल चाललेला माल आज चालायचा नाही, दिवा लाल व्हायचा. चालत असेल तर हिरवा. हिरव्यावर मल-सुनने बोट टेकलं की फाटक उघडायचं. नाही टेकलं, तर खुद्द मालक आला तरी नाही.

या यंत्राचा तिला केवढा अभिमान! का नसावा? नियम आणि यंत्र, दोन्ही तिच्यासारख्या आयांनी भांडून मिळवलेली होती.

तिचा थोरला, इन-हो, एका शीतगृहात विजेच्या तारा ओढायला गेला होता. बांधकाम अर्धवट होतं. कोणाच्या तरी वेल्डिंगची ठिणगी भिंतीच्या फटीत गेली. भिंतीत थर्माकोल. थर्माकोल पेटला की आगीआधी धूरच माणसाला खातो, काळाकुट्ट, गुदमरवणारा. तेव्हा मल-सुन याच कारखान्याच्या खाणावळीत ताटं विसळत होती. इन-होचा फोन आला. त्या फोनवर तो काय म्हणाला, हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि तोही पुढे दोन हिवाळ्यांत गेलाच. मुलीलाही नाही. पुढे आयाबापांनी सोलला संसदेसमोर तंबू ठोकला. तिथे जो तो आपल्या लेकराचे शेवटचे शब्द सांगायचा. हिची पाळी आली की ही उठून चहाचं पाणी ठेवायला जायची.

त्या तंबूत तिने निषेध म्हणून केस उतरवले. रांगेत बसून, कॅमेऱ्यांसमोर, सगळ्या आयांनी. नियम झाला. बाकीच्यांचे केस पुन्हा वाढले, हिने वाढू दिले नाहीत. कारखान्यात यंत्र आलं तेव्हा प्रश्न पडला, की यंत्रापाशी बसवायचं कोणाला? मालाचं खातं बघणारे तक साहेब म्हणाले, "मल-सुन मावशींना बसवा. त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय." तेव्हापासून ती खाणावळीतून फाटकावर आली.

पण कायदा म्हटला की पळवाट आलीच. नवा नियम एका ठरलेल्या तारखेपासून लागू होणार होता. तारखेच्या आत ज्याने परवानगी मागितली त्याला जुनाच नियम, मग इमारत पुढे केव्हाही उठो. झालं! शेवटची गाडी सुटताना माणसं जशी धावतात तसा सगळा तालुका धावला. परवानगीची कामं करून देणाऱ्या एजंटांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला शेड बांधायची होती तोही गेला आणि ज्याला नव्हती तोही, असू दे म्हणून. यंत्र बिचारं परवानगीची तारीख बघायचं आणि थर्माकोलला इमानेइतबारे हिरवा दिवा द्यायचं. मागच्या आवारात ताडपत्रीखाली जुना माल पडून होताच. तो हळूहळू खपू लागला.

अशा प्रत्येक गठ्ठ्यावर मल-सुन बोट टेकायची, कारण नियम म्हणजे नियम. पण तोंड चालू असायचं. "आले शेवटच्या गाडीवाले. मरा मेल्यांनो, तुमची पोरं आत कोंडल्यावर कळेल." दुपारी जेवताना तेच, संध्याकाळी मुलीच्या गाळ्यावर गेली की पुन्हा तेच. मुलगी, मी-रान, बाजारात मांदूचा गाळा चालवायची. कोबी-किमचीचं सारण भरलेली उकडीची मांदू, ताटलीत पडते न पडते तोच संपायची. आईसमोर सूपचा वाडगा ठेवून ती आपली पाऱ्या लाटत राहायची.

"अगं, मी एवढी घसा फोडतेय, तू हूं की चूं करशील की नाही?" मल-सुन विचारायची.

"काय बोलू, आई? सूप गार होतंय," मी-रान म्हणायची.

मी-रान आणि तिचा नवरा बोंग-जून गावाबाहेर मांदूची शेड घालणार होते, हे मल-सुनला माहीत होतं. पाया भरला, खांब उभे राहिले, तेही तिने पाहिलं होतं. भिंती कसल्या, हे मात्र तिने विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? ज्या घरातलं पोर थर्माकोलने नेलं, त्या घरात कोणी थर्माकोल आणेल?

शरद सरत आला होता. सकाळी धुकं पडलेलं, मागच्या आवारातून थर्माकोलचे गठ्ठे घेऊन ट्रक फाटकाशी आला. मल-सुनने सवयीने शिवी घातली, चिकटपट्टी टिपली, पडद्याकडे बघितलं. दिवा हिरवा. परवानगी, शेवटच्या दिवसाची. नाव, सोक मी-रान.

तिने चष्मा पुसला. नाव तेच राहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ड्रायव्हरला तिने सांगितलं की यंत्र बिघडलंय, उद्या ये. तिच्या आयुष्यातलं कामावरचं हे पहिलं खोटं. मग रजा न मागताच ती बाजारात गेली.

मी-रानने आईचा चेहरा बघितला आणि लाटणं खाली ठेवलं. तिने काही लपवायचा प्रयत्न केला नाही. एजंट म्हणाला होता, तारखेच्या आत कागद टाका, निम्म्यात काम होईल. तेव्हा त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. गाळ्याची जागा जाणार होती, मालकाने नोटीस दिली होती. काचेच्या लोकरीच्या भिंती त्यांच्या आवाक्यात नव्हत्या. सांगायचं खूपदा मनात आलं, पण आईसमोर जीभ उचलली नाही.

"हिरवा लागला ना दिवा?" तिने शेवटी विचारलं.

"लागला."

"मग कायद्यात बसतंय."

"कायदा तुझ्या भावाच्या चितेवर झालाय, मी-रान," मल-सुन म्हणाली. "आणि तू त्यालाच एका दिवसाने चुकवलंस."

मी-रानचे हात पिठाने पांढरे झाले होते. ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता, पण बोलणं काळजाला घरं पाडणारं होतं.

"तू तंबूत केस उतरवून बसलीस ना, आई, तेव्हा बाबांना दवाखान्यात मी नेत होते. गाळा मीच उघडत होते, मीच बंद करत होते. लोक म्हणायचे, तुझी आई केवढी धीराची. एकानेही विचारलं नाही, तू जेवलीस का. दादा गेला, खरंय. पण मी उरलेय, हे तुला यंत्राने सांगायला हवंय का?"

जिच्या तोंडाला कोणी लागत नसे ती बाई पायातल्या चपलांकडे बघत उभी राहिली. मग बोंग-जून सारणाची घमेली घेऊन आला. सासूला बघून तो अर्ध्यातच वाकून थबकला. त्याच्या बाजूने निघून ती घरी परत आली.

पण गप्प बसेल ती मल-सुन कसली! दुसऱ्या दिवशी तिने थर्माकोलचे गठ्ठे उतरवून घेतले आणि त्याच मापाची काचेच्या लोकरीची पॅनेलं चढवायला लावली. फरक स्वतःच्या शिलकीतून भरला. यंत्राने विचारलं, नियमाहून चढा माल पाठवायचा आहे का? तिने हो म्हटलं. कारखान्याच्या बाजूने काहीच अडलं नाही, चांगला माल द्यायला कोण अडवतो? फाटक उघडलं. ट्रक गेला, आणि आग लागल्यापासून पहिल्यांदाच तिने दुपारी दोन वाट्या भात खाल्ला. लेकीला वरवर राग येईल, येऊ दे. भिंती उभ्या राहिल्या की राग उतरेल.

तिसऱ्या प्रहरी ट्रक भरलेलाच परत आला.

जागेवर तपासनीसाने आपल्या फोनने चिकटपट्टी टिपली होती आणि तिथे दिवा लाल लागला होता. काचेची लोकर थर्माकोलहून कितीतरी जड. शेडचे खांब नि तुळया हलक्या भिंतींचा हिशेब धरून काढलेल्या. मंजूर नकाशात थर्माकोल लिहिलेला. वेगळा माल लावायचा तर नकाशा बदलायचा, नकाशा बदलला की परवानगी नवी, परवानगी नवी की सगळीकडे नवा नियम. मग खांब उपटा, पाया फोडा, पहिल्यापासून सुरुवात. बोंग-जून आणि मी-रान तिथेच संपले असते.

तक साहेबांनी तिला समोर बसवून हे सगळं दोनदा समजावलं. तिला पहिल्याच वेळी समजलं होतं. तरी तिने विचारलं, "साहेब, जळणाऱ्याला हिरवा आणि न जळणाऱ्याला लाल?"

"यंत्राला जळणं कळत नाही, मावशी. कागदाशी माल जुळतो की नाही, एवढंच कळतं."

"हे यंत्र मीच मागितलं होतं. थंडीत डांबरावर बसून मागितलं होतं."

खिडकीबाहेर ट्रक उभा होता, आणि त्यामागे ताडपत्रीवरचं पाणी गळत होतं. बऱ्याच वेळाने तक साहेब म्हणाले की उद्या तो थर्माकोलचा माल दुसऱ्या कोणाकडून सोडवून घेऊ, तुम्ही घरी राहा. कोणी काही म्हणणार नाही.

"नको," मल-सुन म्हणाली. "लोकांच्या पोरांचे गठ्ठे मी शिव्या देत सोडले. माझ्या पोरीचा सोडायला दुसरा हात कशाला?"

आणि तिने तो सोडला. थर्माकोलचे गठ्ठे पुन्हा चढले, चिकटपट्टी टिपली गेली, दिवा हिरवा झाला. त्या दिवशी तिने शिवी घातली नाही. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती खोलीच्या दारात उभी होती आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता. त्यापुढे कुठल्याच शेवटच्या गाडीवाल्याला तिने शिवी घातली नाही. ड्रायव्हर आपसात म्हणू लागले, म्हातारी आता थकली.

शेड उभी राहिली. पांढरीशुभ्र, नवी कोरी, दुरून बघितली तर दृष्ट लागावी अशी. मांदू उकडायचं मोठं चुलाणं आलं, गोठवायची कपाटं आली, कामाला दोन बायका ठेवल्या. धंदा सुरू करण्याआधी गोसाची, म्हणजे धंद्याला बरकत मागायची पूजा करायची ठरली, सगळेच करतात तशी. पाटावर डुकराचं मुंडकं, लाल चवळीचा वाफाळता तांदळाचा केक, माकोल्ली दारूचे वाडगे, दाराच्या चौकटीला दोरा गुंडाळलेला सुका मासा. मी-रानने आईला स्वतः येऊन बोलावलं नाही, बोंग-जूनला पाठवलं. मल-सुन येईल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

ती आली. नेहमीचाच कामावरचा डगला घालून आली. शेजारपाजारचे, बाजारातले, सगळे जमले होते. एकेक जण पाटापुढे लवून नमस्कार करत होता आणि डुकराच्या तोंडात नोट खोचत होता, हसणं-खिदळणं चाललं होतं. मल-सुनने नमस्कार केला नाही. ती भिंतीकडेने चालत निघाली, वाकड्या बोटाने पत्रा वाजवत. टक, टक. आतला आवाज तिला चांगला ओळखीचा होता. लोकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

मागच्या बाजूला बाहेर पडायचं दार होतं. दारासमोर गोठवायचं कपाट अर्ध्यात आलेलं.

"जावईबापू, हे हलवा."

बोंग-जून धावतच आला. कामाच्या दोन बायकांना घेऊन त्याने कपाट सरकवलं, घाम पुसला, आणि अजून काही सांगतील म्हणून उभा राहिला. भला माणूस होता तो. मल-सुनने दार उघडून बघितलं, बाहेरच्या शेतातलं गार वारं आत आलं. तिने दार पुन्हा ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"मी-रान, इकडे बघ. त्या चुलाण्यापाशी जा. डोळे मीट. आणि हाताने चाचपत या दारापर्यंत ये."

"आई, लोक आहेत," मी-रान हळूच म्हणाली.

"असू देत."

मी-रानने नवऱ्याकडे बघितलं. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, अंगावरचा एप्रन सारखा करून ती चुलाण्यापाशी गेली आणि तिने डोळे मिटले. स्वतःची शेड, स्वतः मांडलेली. पहिली पावलं तिने ताठ टाकली. मग लाटायच्या टेबलाचा कोपरा कमरेत बसला, ती वळली, आणि वळताना किती वळली ते तिचं तिलाच कळलं नाही. हात पुढे करून ती निघाली ती सरळ उलट्या बाजूला. कपाटाला धडकली. कपाटावरून हात फिरवत कोपऱ्यात गेली. तिथे दोन्ही बाजूंनी भिंतच. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बोंग-जून उजवीकडे म्हणायला गेला, मल-सुनने हात वर करून त्याला थांबवलं.

मी-रान कोपऱ्यात उभी होती. दोन्ही तळवे पांढऱ्या पत्र्यावर टेकलेले. डोळे उघडले असते तरी चाललं असतं, पण तिने उघडले नाहीत. तिचा श्वास आता सगळ्यांना ऐकू येत होता.

"आई," ती म्हणाली, अगदी लहान आवाजात, "दार सापडत नाहीये."

मल-सुनचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग ती ओरडली. कारखान्यातल्या ट्रकवाल्यांनाही कधी ऐकू आला नसेल असा आवाज होता तो.

"इकडे ये! इकडे, माझ्याकडे! पाठीमागे वळ, बाळा, मागे वळ. आता सरळ. सरळ ये. मी दारात आहे, मी इथेच आहे. ये, ये, ये."

मी-रान आवाजाच्या रोखाने आली. टेबलाला पुन्हा अडखळली, सावरली. तिची बोटं आईच्या डगल्याला लागली तेव्हाच तिने डोळे उघडले. बघते तर आई रडत होती. इन-होच्या अंत्ययात्रेत नाही, तंबूत नाही, बाबांच्या वेळी नाही, ती आता रडत होती, सगळ्यांसमोर, नाक डोळे एक करून.

"अगं, सापडलं ना दार," मी-रान घाबरून म्हणाली. "सापडलं की, आई."

"त्यानेही हेच म्हटलं होतं," मल-सुन म्हणाली. "फोनवर. आई, दार सापडत नाहीये. आणि मी नुसती, घाबरू नकोस, घाबरू नकोस, म्हणत राहिले. मी कुठे ये म्हणणार होते त्याला? दार कुठल्या बाजूला आहे, मलाच माहीत नव्हतं."

मी-रानने आईला धरलं. दोघी दाराला टेकून तशाच खाली बसल्या. जमलेली माणसं हातात वाडगे घेऊन उभी राहिली आणि केक गार होत गेला. बोंग-जूनने कोपऱ्यात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

भिंती थर्माकोलच्याच राहिल्या. त्या बदलणार नव्हत्याच, कायद्याने त्या ठीक होत्या आणि त्या ठीक आहेत असा शिक्का मल-सुनच्या बोटाचा होता. पण थोड्या वेळाने मी-रान उठली. तिने टेबल ओढून भिंतीला लावलं आणि कामाच्या दोन्ही बायकांना चुलाण्यापाशी बोलावलं. म्हणाली, पूजा नंतर, आधी डोळे मिटा. मग बोंग-जूनलाही उभं केलं.

एकेक जण चाचपडत निघाला. मल-सुन डोळे पुसत दारात उभी राहिली आणि ज्याचं त्याचं नाव घेऊन हाका मारू लागली.